मनातला खून

सरकार पडल्यावर माजी कायदामंत्री वाघुंडे चौकशीला आले. तपास अधिकारी रेणुकाने त्यांच्या डोक्यावर विचारवाचक टोप चढवला.

“गप्प राहायचा हक्क आहे मला!” ते ओरडले. “शेजारच्या देशात या टोपाला कोर्टाची परवानगी लागते.”

“इथलं ते कलम तुम्हीच काढलंत, साहेब. मनातला खूनही खूनच, असं बाक बडवून म्हणालात. माझा भाऊ नुसत्या रागापायी आत सडून मेला.” मग तिने आवाज चढवला. “वाघुंड्या, नीट बस!”

त्यांना असं कधी कुणी बोललं नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण टोपाला जोडलेल्या पडद्यावर त्यांचे दोन्ही हात रेणुकाचा गळा आवळताना स्पष्ट दिसले.

तिने ‘गुन्हा सिद्ध’चं बटण दाबलं.

“भावाची कोठडी रिकामीच आहे,” ती म्हणाली.