सात नंबरचा दगड

बादलीच्या तळाशी चिकटपट्ट्यांचा लगदा झाला होता, शाईनं पाणी निळं पडलं होतं आणि टेबलावर धुतलेले दगड चकचकीत होऊन बसले होते.

"कारभारी, हे काय केलंत?" भानुमतीबाईंनी विचारलं. आवाज चढवायचंही त्यांना सुचलं नाही.

"धुतले, बाई. परीक्षक येणार म्हून. लई धूळ बसली व्हती. सोड्याचं गरम पाणी केलं आन काथ्यानं घासले." पोळ्याला बैल धुवावेत तसे म्हाताऱ्या शिपायानं ते धुतले होते, आणि आता शाबासकीची वाट बघत उभा होता.

झालं होतं असं, की भूगर्भशास्त्राचे पैठणकर सर पाय मोडून घरी पडले होते. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला त्यांच्या जागी रसायनशास्त्राच्या भानुमतीबाईंना उभं केलं होतं. काम एवढंच: दगडांवर नंबर, वहीत नंबरासमोर नाव, ती वही परीक्षकांच्या हातात द्यायची. परीक्षक नांदेडहून अकराला येणार. घड्याळात दहा वाजले होते. व्हरांड्यात अठरा मुलं पाठ करत येरझारा घालत होती, आणि चोवीसातल्या एकाही दगडावर नंबर नव्हता. नंबर नाहीत म्हटल्यावर परीक्षाच रद्द. अंदाजानं लावावेत तर बरोबर उत्तर लिहिणारं पोर नापास. आणि बाईंना दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मेले मी," म्हणत त्या खुर्चीत बसल्या.

कारभारीचा चेहरा उतरला. ओले हात त्यानं धोतराला पुसले. मग म्हणाला, "वहीतलं नाव वाचा, बाई. येक येक."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"वाचता नाय येत. ऐकता येतं."

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो सोयगावहून आला आणि इथं कॉलेजात शिपाई म्हणून लागला. तेव्हापासून सव्वीस वर्षं प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर. "सर दर साली तेच सांगत्यात," तो म्हणाला. "पोरं बदलत्यात. मी तोच हाय."

दुसरा इलाज नव्हता. बाईंनी वही उघडली. "एक. ग्रॅनाइट."

त्यानं एक गुलाबी दगड पुढं सरकवला. "कण नुसत्या डोळ्यांनी दिसत्यात. जमिनीत खोल, सावकाश थंड झालाय. घाई नव्हती त्याला."

"दोन. ऑब्सिडियन."

"हा. काचच हाय. झटक्यात गोठला, कण धरायला सवडच नाय मिळाली." घासताना कापलेलं बोटही त्यानं दाखवलं.

"तीन. प्युमिस."

कारभारी बादलीकडं वळला. तो दगड अजून पाण्यावर तरंगत होता.

बाई वाचत गेल्या, म्हातारा दगड देत गेला, बाई नवी पट्टी लावून नंबर टाकत गेल्या. सातला तो अडला. "ते ऱ्हाऊ द्या जरा." एकोणीसलाही तेच. पावणेअकराला टेबलावर दोनच दगड उरले. दोन्ही काळे, दोन्हींवर पांढरे ठिपके. वहीत दोन्हींची नावं बेसाल्टचीच, फक्त पुढं जोडलेला शब्द वेगळा.

"हे दोन पहिलं कळायचे. आता डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागलाय," कारभारी म्हणाला. "भिंगातून बघा, बाई. ठिपक्यांना कोपरे हायत का?"

"तुम्हीच बघा ना." बाईंनी भिंग पुढं केलं.

तो मागं सरला. "आपण भिंग पुसायचं आन पोरांना द्यायचं. डोळ्याला कवा लावलं नाय. आता शिकत बसलो तर अकरा वाजतील."

बाईंनी भिंग डोळ्याशी नेलं. "याच्यातले लांबट आहेत. कडा सरळ. कोपरे आहेत." दुसरा दगड घेतला. "याच्यातले गोल. कोपरा एकालाही नाही."

"मग कोपऱ्यांचा सात," तो लगेच म्हणाला. "ते कण आधी जन्मले, समदं पातळ व्हतं तवा. जागा ऐसपैस, हवं तसं आंग धरलं. गोल हायत ते मागून आले. लाव्हा गोठला, बुडबुड्यांची भोकं ऱ्हायली, त्यात भरले. भोक गोल म्हून तेही गोल."

एकोणिसाची शाई वाळते न वाळते तोच फाटकात टांगा थांबला.

परीक्षकांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं स्वतःचं भिंग होतं. त्यांनी वही मिटूनच ठेवली. आधी प्रत्येक दगड भिंगाखाली बघायचा, कागदावर नाव लिहायचं, असं चोवीस वेळा. सात नंबर त्यांनी दोनदा उलटापालटा केला. मग वही उघडली, कागद शेजारी ठेवला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"ठीक," ते म्हणाले, आणि सही केली.

भानुमतीबाईंच्या अंगातला ताण एकदम सुटला. सकाळपासून पोटात काही नाही हे त्यांना आत्ता आठवलं. मोठ्यानं हसावंसं वाटलं, पण त्या नुसत्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"इतके स्वच्छ नमुने मी कुठं पाहिले नाहीत," परीक्षक म्हणाले. "कुणी धुतले?"

"कारभारींनी." सही झाली होती, गप्प बसता आलं असतं. बाईंना राहवलं नाही. "धुताना नंबर गेले, सर. मग ओळखलेही त्यांनीच." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, भिंगाचंसुद्धा.

परीक्षकांनी दाराकडं पाहिलं. कारभारी स्टुलावरून उठून उभा राहिला होता. त्यांनी गळ्यातलं भिंग काढलं, सात नंबरचा दगड उचलला आणि दोन्ही त्याच्या हातात दिली. "भिंग डोळ्याजवळ धरा. दगड हळूहळू पुढं आणा. उजेडाकडं."

म्हातारा खिडकीशी गेला. साडेअकरा वाजायला आले होते. बाहेर मुलं ताटकळली होती, पण त्याला कुणी घाई केली नाही.

"व्हय की," शेवटी तो म्हणाला. "हायत कोपरे. सर सव्वीस वर्षं खरंच सांगत व्हते."