मायलेकींचा रविवार

गोदावरीबाईंचं पुस्तक परत करायला त्या दिवशी त्यांचा मुलगा आला होता. अश्विन नाव. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ऑफिसला जाता जाता आपणच आलो, असं त्याने सांगितलं.

निवेदिताला बरं वाटलं. रायपूरच्या त्या लहानशा मराठी वाचनालयात ती दोन वर्षांपासून मायलेकींचं वाचन मंडळ चालवत होती. महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहाला. आईने आणि लेकीने एकच पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं. आया मराठीत बोलत, मुली बहुतेक हिंदीत उत्तरं देत, पण बोलत. सगळ्यांत रंगायची ती गुढियारीच्या गोदावरीबाई आणि त्यांची मंजिरी यांची जोडी.

"गुडघे दुखोत की काही होवो, काकू एक रविवार चुकवत नाहीत," निवेदिता म्हणाली. "आणि तुमची बहीणही तशीच."

अश्विनने वर पाहिलं. "मला बहीण नाही, दीदी. मी एकटाच आहे."

निवेदिताला आधी ती चेष्टा वाटली. मग तिने रजिस्टर काढून दाखवलं. 'कन्या मंजिरी' असं गोदावरीबाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पत्त्याच्या रकान्यात नुसतं 'बीरगांव'. फोन नंबर नाही.

ती दिसते कशी, असं त्याने विचारलं. निवेदिताने सांगितलं: अठ्ठावीसेक वर्षांची, उंच, सडपातळ, डाव्या डोळ्याखाली तीळ, वाचता वाचता मध्येच हसू फुटतं. अश्विनने रजिस्टरमधल्या 'बीरगांव'वर बोट ठेवलं.

"आई भोळी आहे," तो म्हणाला. "कोणीतरी फसवून राहिलं तिले."

निवेदिताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या अभनपूरच्या मावशीला अशीच एक मानलेली लेक भेटली होती. पाय चेपायची, औषधं द्यायची. वर्षभरात मावशीवर स्वतःच्या घरातून निघायची पाळी आली. आणि आता तेच तिच्या वाचनालयात, तिच्या डोळ्यांदेखत, तिनेच मांडलेल्या खुर्चीवर बसून!

एकेक गोष्ट आठवून ती अश्विनला सांगू लागली तशी अधिकच चिडली. ही मंजिरी कधीही गोदावरीबाईंबरोबर येत नसे. आधीच येऊन कोपऱ्यात बसलेली असे. मंडळाचा फोटो काढायचा म्हटलं की उठून पाणी प्यायला जाई. निघताना मागच्या फाटकाने. दिवाळीच्या आधी तर गोदावरीबाईंनी पदराआडून एक प्लास्टिकची फाइल तिच्या हातात दिली होती आणि तिने ती चटकन पिशवीत घातली होती. फाइलचं ऐकल्यावर अश्विनने फक्त मान हलवली.

पोलिसांत जाऊ या, असं निवेदिताच म्हणाली. तो नको म्हणाला. आईची चारचौघांत शोभा होईल. त्या बाईशी आपण समोरासमोर बोलू, तेवढं पुरे. आईला मात्र आधी काही कळायला नको, तिचं बीपी चढतं.

"रविवारी सव्वादहाला या," निवेदिताने सांगितलं. "तोवर ती आलेली असते. मागचं फाटक मी बंद ठेवते."

तो हात जोडून गेला. इतका सोशिक मुलगा आणि त्याच्या आईवर ही पाळी, या विचाराने तिला पुढचे चार दिवस अन्न गोड लागलं नाही.

रविवारी तिने मागच्या फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मंजिरी पावणेदहाला आली, तिला हसून नमस्ते म्हणाली. निवेदिताने मान वळवली. गोदावरीबाई लंगडत आल्या. पुस्तक एका सुईणीच्या आठवणींचं होतं. लिहिणारीने स्वतःच्या आईला उगाच डोक्यावर घेतलंय, असं गोदावरीबाईंचं म्हणणं पडलं. मंजिरीला ते पटलं नाही. दोघी तावातावाने वाद घालू लागल्या आणि बाकीच्या मायलेकी हसू लागल्या. बोलता बोलता गोदावरीबाईंनी हात लांबवून मंजिरीच्या खांद्यावरचा दोरा काढला.

निवेदिताला ते बघवेना. एवढी माया, आणि ती लुटायला ही बाई बसली आहे. तिने घड्याळाकडे पाहिलं.

सव्वादहाला अश्विन आत आला. त्याने पाठीमागे दार लोटून घेतलं आणि तिथेच उभा राहिला.

मंजिरी उठली. तिच्या मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. ती मागच्या फाटकाकडे धावली. सगळ्यांनी साखळीचा खडखडाट ऐकला. एकदा, दोनदा, मग पुन्हा. चोराच्या मनात चांदणं, निवेदिताला वाटलं. मंजिरी परत आली ती भिंतीला धरून. कोणाकडे न बघता.

अश्विनने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. तो त्या दिवशीच्याच हळू आवाजात म्हणाला, "गंधाली, खूप झालं. घरी चल."

गोदावरीबाई खुर्चीचा आधार न घेता उठल्या आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्याशा त्या बाई, हात पसरून. त्यांनी एकेका मायलेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाले, माह्या सुनेले मी या माणसाच्या हातून जित्ती ठेवून राहिली," त्या म्हणाल्या. "हिचा पत्ता याले कोणं देला?"