पाटावरचा बाप

मुलगी झाली म्हणून बन्सीधर बारशाआधीच घर सोडून गेला आणि परभणीत दुसरं लग्न करून राहिला. धुरपताबाईनं मानवतच्या जिनिंगमध्ये कापूस उचलून लेकीला एकटीनं वाढवलं, नर्स केलं. आता देवळातच, मोजक्या माणसांत तिचं लग्न ठरलं.

"म्हाराज, कन्यादानाला पाटावर मीच बसते," धुरपताबाई म्हणाली.

"एकट्या बाईला तो अधिकार नाही, मावशी," गुरुजी म्हणाले. "मुलीचे वडील आहेत ना? मग त्यांनीच जोडीनं बसायचं."

मुलाकडच्यांनीही माना डोलावल्या. लेक चिडली. "आई, मला लागतच न्हाई ते कन्यादान!"

"असं बोलू न्हाई बाई. उद्या तुझ्या संसारात काही कमीजास्त झालं तर?"

धुरपताबाई स्वतः परभणीला गेली. तेवीस वर्षांनी नवऱ्याच्या दारात उभी राहून तिनं त्याचे पाय धरले.

लग्नाच्या दिवशी तो ऐन मुहूर्तावर आला, दुसऱ्या बायकोला घेऊन. पाटावर त्याच्या शेजारी तीच बसली. धुरपताबाई मागं उभी राहिली. लेकीनं एकदा वळून पाहिलं, तशी तिनं डोळ्यांनीच "गप बस" म्हणून सांगितलं.

गुरुजींनी बन्सीधरच्या ओंजळीत पाणी सोडलं. "आता मुलीचं नाव घ्या."



बन्सीधर घुटमळला, ओंजळ तशीच धरून मागं वळला आणि हळूच म्हणाला, "धुरपते, काय नाव ठेवलं गं हिचं?"