राखीव मेमरी

पारनेर तालुक्यातल्या एका दूध डेअरीचा संगणक सिल्व्हिया सांभाळायची. "संगणक थोडी मेमरी अगदी तातडीच्या कामासाठी राखून ठेवतो," असं ती एकदा चेअरमनसमोर बोलून गेली. आठवडाभरात त्या राखीव मेमरीसाठी सगळ्या संचालकांचे अर्ज आले आणि सत्काराच्या व्हिडिओसकट सगळ्यांचीच कामं तातडीची ठरली.

मग एका सकाळी संगणक ठप्प झाला आणि दुधाची नोंदच होईना. बाहेर कॅन घेऊन माणसं ताटकळली, दूध नासायला लागलं.

"जुनं काढून जागा करायची, तर त्यालाही थोडी मेमरी लागते," सिल्व्हिया रडकुंडीला येऊन म्हणाली. "तीसुद्धा आपण वाटून टाकली, साहेब."

चेअरमननी अर्जांची फाईल शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

"संगणकाचा अर्जच न्हाई आला, मॅडम. आमी तरी काय करनार?"