विरजणापुरते

लेकीच्या प्रयोगशाळेत स्फटिक काही केल्या धरेनात. दिवा मालवल्यावरही उजळत राहणारे, शरीरातली गाठ दाखवणारे ते अतिसूक्ष्म स्फटिक पहिल्यांदा तिच्या आईने वाढवले होते. ती गेल्यावर उरलेली एकुलती एक कुपी बाबांनी उशाशी जपली होती.

"बाबा, जुने घातल्याशिवाय नवे धरायचे नाहीत. विरजणापुरते दे ना."

"आणि नासले तर?"

"तर आई स्वप्नात येऊन मला झापेल."

बाबांना हसू आलं. त्यांनी कुपी पुढे केली.

आठवड्याने लेकीने त्यांना पडद्यासमोर बसवलं. नवे स्फटिक टोचून भूल दिलेल्या उंदरावर दिवा धरला, मालवला. पडद्यावर एक हिरवा ठिपका उरला आणि हळूहळू विझला.

"दिसलं?"

चष्मा पुसत बाबा तिसऱ्यांदा म्हणाले, "नीट नाही दिसलं गं. परत लाव."