गवताची धास्ती

"उद्याचा देवळातला गाऱ्हाणा रद्द कर गो," तुकारामने ताट बाजूला सारलं. "माका डोंगरार जावचा नाय."

त्याच्या बायकोच्या, पद्मावतीच्या, हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. स्वेटर घेऊन झाले होते. लोकरीची कानटोपी आली होती, आणि भर मे महिन्यात तुकारामने ती घरात घालून, घाम निथळेपर्यंत आरशात बघितली होती. सगळ्या देवबाग गावात माहीत झालं होतं की, पाऊस लागून होड्या वर ओढल्या की तुकाराम पुण्याच्या डॉक्टरांबरोबर हिमालयात गोल्फ खेळायला जाणार. एक मैदान शिमल्याच्या वर देवदारांत, दुसरं काश्मिरात. उंचावर हवा पातळ असते, म्हणून चेंडू लांब जातो, हे तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. "आमटीसारी पातळ?" असं पद्मावती विचारायची, आणि तो चिडायचा.

डॉक्टर म्हणजे त्यांच्या होमस्टेचं जुनं गिऱ्हाईक. एकदा ते आपल्या गोल्फच्या जुन्या काठ्या इथेच ठेवून गेले. जाळी सोडवून झाली की तुकाराम किनाऱ्यावर त्या फिरवून बघू लागला. हात असा बसला की डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र बघतच राहायचे. चेंडू वर उडायचा आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा अलगद खाली यायचा. यंदा त्यांचा चौथा गडी परदेशी गेला, तेव्हा डॉक्टर सरळ म्हणाले, "चौथा तूच."

"आता कित्याक नाय?" पद्मावतीने विचारलं.

तुकारामने आधी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

"आचऱ्याक गेललंय ना, शेवंतीकाकीकडे? तिच्या बागेत गवात आसा म्हणान काठी घेवन गेललंय. एक फटको मारलंय. चेंडू थंयच. भाकरीएवढा ढेकूळ उडला आणि काकीच्या म्हशीर पडला."

पद्मावतीने पदर तोंडाला लावला.

"हसू नको गो. पुन्ना मारलंय. पुन्ना ढेकूळ. काकी म्हणता, काय रे, रताळी लावतंस?"

आता तिला राहवेना. ती भिंतीला टेकून हसली. तुकाराम मात्र हसला नाही.

तो जे काही शिकला होता ते वाळूत. वाळूत काठी चेंडूच्या बोटभर मागे घालायची, मग वाळूच चेंडूला उचलून देते. हाताला तीच सवय. गवतात त्या सवयीने नुसती खणती होते. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी त्याला किनाऱ्यावरच बघितलेलं.

"थंय सगळा गवात," तो म्हणाला. "माझी शोभा झाली तर झाली. पण तेंनी माका मान दिल्यानी, तेंका चार लोकांत खाली बघूक लागात. आणि एकदा देवाच्या कानार घातला की माघार नाय. म्हणान आजच नाय म्हणान कळवतंय."

पद्मावतीने त्याचा मोबाइल उचलला. डॉक्टरांनी पाठवलेले फोटो ती एकेक सरकवू लागली. मागे बर्फाचे डोंगर, पुढे हिरवागार उतार, आणि त्या हिरव्यात मधेमधे, पीठ सांडावं तसे फिकट ठिपके.

"ह्या काय?"

"ता वायट. ते खड्डे. थंय चेंडू गेलो की मोठेमोठे घाम पुसतत. डॉक्टर तर तेंचा नाव काढूक देनत नाय. सगळ्यांचो जीव ते चुकवण्यात."

"पण आसा काय तेंच्यात?"

"रेव," तुकाराम म्हणाला. आणि थांबला.

पद्मावतीने दाराबाहेर बघितलं. पुढे दर्यापर्यंत तीच वाळू. मागे खाडीपर्यंत वाळू. घर वाळूत, माड वाळूत.

"अवो," ती हळूच म्हणाली, "पयलो फटको गवताच्या वयर, खुंटयेर चेंडू ठेवन मारूचो आसता ना?"

"व्हय."

"मगे तो खंय धाडूचो, ता तुमच्याच हातात ना?"

तुकारामने मोबाइल घेऊन फोटोतले ठिपके एकेक मोजले. मग त्याने ताट पुढे ओढलं.

"वाढ आमटी. पातळ आसली तरी चलात."

सकाळी देवळात भाई नारळ पुढे ठेवून उभे राहिले. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराण्याकडे. पद्मावतीच्या हातातल्या मोबाइलमध्ये पुण्याचे डॉक्टर हात जोडून बसले होते. "भाई, तुकारामसाठी जे मागाल तेच आम्हा तिघांसाठीही मागा," एवढं ते बोलले आणि देवबागची रेंज अडखळली. चित्र गोठलं, आवाज तुटक झाला.

"काय मागूचा?" भाईंनी विचारलं. तुकाराम डोकं खाजवू लागला. पद्मावतीने पुढे होऊन भाईंच्या कानात सांगितलं. भाईंच्या भुवया वर गेल्या. पण मागणं ज्याचं त्याचं. त्यांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा! ह्यो तुजो तुकाराम दर्यो सोडून डोंगरार जाता हा. तेच्या वाटेक गवात येवक नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" जमलेली माणसं गरजली.

"तेचो चेंडू सरळ रेवेत पडांदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" तुकारामने डोळे मिटून सगळ्यांच्या वर आवाज काढला.

इथेच थांबायला हवं होतं. पण भाई दिल्या शब्दाला जागणारे. त्यांनी आवाज आणखी चढवला.

"आणि तेच्या वांगडा खेळणाऱ्या तिगांचो चेंडू पण, दर खेपेक, रेवेतच पडांदे रे महाराजा!"

तुकारामने दचकून डोळे उघडले. हात वर केला. पण देवाच्या कानावर गेलं होतं.

"व्हय महाराजा!" देऊळ दणाणलं. आणि सगळ्यांच्या मागून, एक श्वास उशिरा, मोबाइलमधून डॉक्टरांचा भक्तीने भरून आलेला आवाज आला, "व्हय महाराजा!"