कमानीचं पॅकिंग

चर्र.

पहाटेच्या सामसूम घरात तो आवाज झाला आणि स्वप्नालीचे दात शिवशिवले. थर्माकोलवर थर्माकोल घासल्याचा आवाज. तिचा नवरा दिपेश आनंदनगरच्या एका कंपनीत थर्माकोलच्या मशीनवर होता. त्याच्या कपड्यांतून पांढरे दाणे घरभर व्हायचे. उशीवर, लेकीच्या, चिमीच्या केसांत, एखाद्या दिवशी कणकेतसुद्धा. पण कंपनीतलं काम त्याने कधी घरी आणलं नव्हतं.

तिने पडल्या पडल्या कपाटाकडे पाहिलं. कपाटामागे पाटी होती, जुन्या साडीत गुंडाळलेली. तिनेच पुठ्ठ्यावर गेरूने रंगवलेली. 'आमची सजावट थर्माकोलमुक्त.'

पाटी अल्पेशशेठना हवी होती. उल्हासनगरात त्यांचं कपड्यांचं दुकान. गणपती तोंडावर आलेले. "भाभी, आजकल पब्लिक यही पूछता है," ते म्हणाले होते. "बोर्ड मोठा पाहिजे. रस्त्यावरून वाचता आला पाहिजे."

सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा दिपेशच्या कंपनीतलं अर्धं शेड बंद पडलं. उरलं ते फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगचं काम. तेही आताशा कमी होत चाललेलं. पुढचा नंबर कुणाचा, एवढाच विषय डबा खाताना निघतो, असं तो एकदा बोलून गेला होता. त्यानंतर आजाऱ्याच्या घरात आजाराचं नाव काढत नाहीत, तसा 'थर्माकोल' हा शब्द या घरात कुणी काढत नसे. आणि तिने तो वीतभर अक्षरांत लिहून ठेवला होता.

भिंतीला टेकून शेठच्या दुकानाच्या काचेत लावायची कमान उभी होती. भुट्ट्यांच्या गाड्यांवरून गोळा करून आणलेली मक्याची सालं तिने वाळवली होती, बीट आणि हळदीत रंगवली होती आणि चिमी झोपली की एकेक पाकळी खळीने चिकटवली होती. ही दुसरी कमान. पहिली रिक्षातच मोडली. अल्पेशशेठ पाकळ्यांचा चुरा बघून एवढंच म्हणाले होते, "एक चान्स और देतो. नाहीतर कल्याणवरून मागवतो."

ती उठून बाहेरच्या खोलीत आली. दिपेश जमिनीवर मांडी घालून जुन्या ब्लेडने थर्माकोल कापत होता. कंपनीतले उरलेले तुकडे जोडून त्याने लांबोडकं खोकं केलं होतं.

"उठलीस? कमान या वेळेला उभी नको नेऊ. आडवी, यात."

"हे कंपनीतून...?"

"सुपरवायझरला विचारून आणलंय, चोरून नाही." तो हसला. "आमचा फ्रिज दिल्लीला जातो, ओरखडा येत नाही. तुझी कमान उल्हासनगरला तरी पोचेल."

"अहो, पण शेठ... हे बघून..."

"पॅकिंग आहे गं. सजावट थोडीच आहे?" त्याने मान वर केली नाही.

तो पहिल्या पाळीला गेला. तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली आणि मगच तिने पाटी काढली. कमान खोक्यात बसली, जशी काही तिथेच घडली असावी. पाटी कुठे घालावी म्हणून तिने झाकण उलटं केलं. झाकणात आतून एक लांब, चपटी खाच होती. तिने पाटी टेकवून पाहिली. तंतोतंत बसली. करंगळीएवढीसुद्धा जागा उरली नाही.

ती तशीच खाली बसली. म्हणजे त्याने ती काढली होती. मापली होती. वाचली होती. आणि पुन्हा साडीत होती तशी गुंडाळून ठेवली होती.

मोरिवलीतल्या घरून रिक्षा निघाली. प्रत्येक खड्ड्याला खोकं चर्र करायचं. मांडीवरच्या चिमीला त्याचीच मजा. "आई, बाबांचं खोकं बोलतंय."

दुकानात झाकण उघडलं. एक पाकळी मुडपली नव्हती.

"क्या बात है," अल्पेशशेठ दोनदा म्हणाले. कमान काचेत चढली, खाली पाटी लागली, पिवळे दिवे लागले. रस्त्यावरच्या दोन बाया थांबून वाचू लागल्या. "दिवाळीचं पण तुम्हीच करा भाभी. आपल्या दुसऱ्या दुकानाचंसुद्धा."

हेच ऐकायला ती इतके दिवस जीव मुठीत धरून बसली होती. तिने मान हलवली. हसू काही येईना.

"आणि ते पांढरं जरा मागच्या बोळात फेकून द्या," शेठ हळू आवाजात म्हणाले. "या बोर्डाच्या बाजूला दिसलं तर पब्लिक हसेल."

ती वळली. चिमीने खोक्याचं झाकण आधीच उचललं होतं, तिच्याहूनही मोठं, दोन्ही हातांनी छातीशी धरून. तिच्या गालाला पांढरे दाणे चिकटले होते. काचेतली कमान तिने डोळे भरून पाहिली. मग कमानीच्या अलीकडची जागा पाहिली, पलीकडची पाहिली.

"आई, तुझं काचेत लावलं," ती म्हणाली. "बाबांचं कुठं लावायचं?"